बाटलीवरचं शिवार

द्राक्षाच्या पानावर बोर्डो मिश्रणाची फवारणी वाळली की मागं एक निळा उरतो. मोरचूद आणि चुना यांचा तो फिकट, थोडा हिरवट, पांढऱ्याकडं झुकलेला निळा. रंगाच्या दुकानातल्या कुठल्याही ट्यूबमध्ये तो तसाच्या तसा मिळत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली, नवी फूट आली आणि आभाळ भरून राहिलं, की जालन्याकडच्या कुठल्याही द्राक्षबागेत शिरा. पानांवर, तारांवर, लोखंडी अँगलवर, फवारणाऱ्याच्या बाहीवर तो सांडलेला दिसतो. मला तो कागदावर हवा होता. लेबलावर दुसरं काही येवो न येवो, हा निळा यायलाच हवा, हे मी सगळ्यात आधी ठरवलं.

मी लिनोकट करते. लिनोलियमच्या तुकड्यावर उलटं चित्र काढायचं, नको तो भाग कोरून टाकायचा, उरलेल्या उंचवट्यावर रुळानं शाई लावायची आणि कागद दाबायचा. संभाजीनगरातल्या घराची एक खोली या कामाला दिलेली आहे. गेली काही वर्षं जालना जिल्ह्यातल्या एका छोट्या शेतातल्या वाइनची लेबलं मी हातानं करते. शेतकरी माझ्यापेक्षा थोडे मोठे, मी त्यांना दादा म्हणते.

बोर्डो हे फ्रान्समधल्या शहराचं नाव, वाइनसाठी जगभर घेतलं जाणारं. त्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोडू नयेत म्हणून बागवाले त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवत. त्या ओळींना केवडा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, लागत नाही हे पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि १८८५मध्ये त्यांनी ते मिश्रण जगापुढं ठेवलं. आपल्याकडच्या द्राक्षवाल्याला बोर्डो म्हटलं की वाइन आठवत नाही. त्याला आठवतो पाठीवरचा पंप, किंवा ट्रॅक्टरमागचा ब्लोअर, आणि रात्री पाऊस येऊन फवारणी धुऊन गेली तर काय ही धास्ती. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या वाइनच्या गावाचं नाव आमच्या बागेत आलं ते असं, रोगाच्या भीतीच्या वाटेनं. लेबलावरच्या निळ्यात मला ही धास्ती हवी होती.

दादांची बाग कडवंचीच्या बाजूला आहे. कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामानं महाराष्ट्राला माहीत झालं. १९९६पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं तिथं माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम उभं केलं, पुढं शेततळी झाली आणि शेततळ्यांच्या भरवशावर द्राक्ष आलं. आसपासच्या गावांनी ते पाहिलं आणि उचललं. दादांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, खायची द्राक्षं लावली. दादांनी त्यातला एक तुकडा मोडून वाइनची जात लावली. लालसाठी शिराझ, पांढऱ्यासाठी शेनिन ब्लाँ, खाली कलमाचा खुंट डॉगरीज जातीचा, कारण मुरमाड जमिनीत आणि पाण्याच्या ओढीत तो तग धरतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बी. त्याला लांब करायला जीएत, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या औषधात, बुडवत नाहीत. बाजारात नेऊन ठेवला तर कोणी उचलणार नाही असा तो घड. त्याची सगळी किंमत आत आहे, आणि ती बाहेरून सांगायचं काम लेबलाचं.

पहिल्या भेटीत दादांनी छापखान्यातून आणलेले नमुने टेबलावर मांडले. एकावर दगडी किल्ला, एकावर सोनेरी वर्खातला मुकुट, एकावर कुठल्या तरी युरोपातल्या टेकड्या. अक्षरं सगळी वळणदार इंग्रजी. "ताई, असलंच काहीतरी करायचंय, पण हातानं केलेलं दिसाया पाहिजे," ते म्हणाले. मी नमुने बाजूला ठेवले आणि म्हटलं, आधी बाग दाखवा. मला त्या नमुन्यांचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. ज्या माणसानं टँकरच्या पाण्यावर वेल जगवली, त्याच्या बाटलीवर दुसऱ्याच्या टेकड्या कशासाठी?

लेबल म्हणजे मुळात काय, याचं उत्तर मला फार जुन्या ठिकाणी सापडलं. १९२२मध्ये इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर उघडली, तेव्हा आत वाइनचे रांजण निघाले. त्यांवर शाईनं लिहिलेलं होतं: राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष, कुठला मळा, वाइन करणारा मुख्य कारागीर कोण. वर्ष, जमीन, माणूस. इतकंच. सव्वातीन हजार वर्षांनंतरही लेबलाला याहून जास्त काही सांगायचं नसतं, असं मला मनापासून वाटतं. बाकीची सगळी सजावट नंतर आली, विक्री वाढली तशी.

अर्थात कलावंतांनी लेबलं केली आहेत आणि ती मला आवडतात. फ्रान्समधल्या शातो मुताँ रोथशिल्डनं १९४५पासून जवळजवळ दर वर्षीचं लेबल वेगळ्या चित्रकाराकडं दिलं. १९७३च्या लेबलावर पिकासो आहे, २००९च्या लेबलावर मुंबईत जन्मलेले अनिश कपूर. पण तिथं चित्र चित्रकाराचं असतं, त्या वर्षीच्या पावसाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. मला उलट करायचं होतं. माझं नाव लेबलावर नको, शेताचं वर्ष त्यावर हवं.

मग चित्र कशाचं? ज्यांना ज्यांना कळलं, त्या सगळ्यांकडं उत्तर तयार होतं. पैठणीचा बांगडी मोर. अजिंठा. देवगिरीचा किल्ला. एका हॉटेलवाल्यांनी तर आग्रहच धरला की अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावरचं ते दृश्य घ्या, टोकदार टोप्या आणि पायात मोजे घातलेले परदेशी लोक हातात पेला घेऊन बसलेत ते. पुरावाच आहे म्हणाले, दीड हजार वर्षांचा. ते चित्र मी विद्यार्थिदशेत समोर बसून रेखाटलेलं आहे. त्या रेषेपुढं मान झुकते. पण ते उचलून बाटलीवर लावायला माझा हात धजला नाही. ज्यांनी तो डोंगर कोरला त्यांचं मोठेपण घेऊन तीन-चार वर्षांच्या वेलीला म्हातारं दाखवायचं, हे खोटं आहे. पैठणीच्या मोराचंही तेच. तो मोर मागावर बसलेल्या माणसाचा आहे, त्याच्या डोळ्यांचा आणि बोटांचा. दिसला मराठवाडा की लाव मोर, यानं मोर स्वस्त होतो आणि मराठवाडा पुसला जातो.

प्रदेशाच्या जुन्या खुणांविषयी मला प्रेम नाही असं कोणी समजू नये. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासनोंदीत पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, ही दोन्ही नावं आहेत. इथला माल गाड्यांवर घालून भडोच बंदराला जाई, आणि त्या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पहिलं नाव वाइनचं, त्यातही इटलीच्या वाइनला पसंती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथून कापड जात होतं आणि तिकडून वाइन येत होती. हे वाचून मला फार आनंद झाला. पण तो आनंद माझा. दादांच्या त्या वर्षीच्या शिराझशी त्याचा संबंध नाही, म्हणून लेबलावर तोही नाही.

देवाधर्माचं काही घ्यायचं नाही हे आबांनी सांगितलं. आबा माळकरी आहेत. आषाढीला पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीबरोबर चालत जातात. वायनरीच्या खोलीत ते पाऊल टाकत नाहीत, आणि दादांनी त्यांना कधी तसा आग्रह केलेला मी पाहिला नाही. पण छाटणीला कात्री आबांच्याच हातात असते. कुठली काडी ठेवायची, किती डोळ्यांवर कापायची, हे ते वेलीला हात लावून ठरवतात. बापलेकांमध्ये या विषयावर काय बोलणं झालं असेल ते मला माहीत नाही. मला ते एवढंच म्हणाले, "बाई, बागेचं काय ते काढ. देवाचं त्यावर काही नको. आन् माझं नाव नको."

त्यांचं नाव मी घातलं नाही. त्यांची कात्री घातली. विचारून घातली. त्यांनी ब्लॉक हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि मूठ चुकलीय म्हणून दाखवलं: त्यांची उजवी मूठ सुतळीनं गुंडाळलेली आहे. ती सुतळी आता दर लेबलाच्या डाव्या कोपऱ्यात आहे.

कागद मात्र मला कुठं शोधायला लागला नाही. तो वेरूळच्या रस्त्यावर, दौलताबाद ओलांडलं की कागजीपुऱ्यात आहे. १३२७मध्ये महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तिच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले आणि ते इथं वसले, अशी या गावाची परंपरा सांगितली जाते. सुती चिंध्यांचा लगदा, हौदात चाळणी बुडवून उचललेला ताव, भिंतीवर वाळवण, मग दगडानं घोटून आणलेली चमक. पेशवाईच्या दप्तरांत ज्याला दौलताबादी कागद म्हणतात तो या बाजूचा. आज हा धंदा मोजक्याच हातांत उरला आहे. आणि त्याच तुघलकाच्या काळात इब्न बतूता दौलताबादला आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की इथं द्राक्षं आणि डाळिंबं होतात, आणि वर्षातून दोनदा येतात. मी ते वाचलं तेव्हा दादांना लगेच फोन केला. आज आपण वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, आणि पीक एकच घेतो. "त्याला दोनदा मिळायचं व्हय?" दादांनी विचारलं, आणि मग बराच वेळ आम्ही त्या काळच्या पाण्याविषयी बोललो. एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावर सहाशे-सातशे वर्षांपूर्वी कागद होता आणि द्राक्षंही होती. इथल्या द्राक्षाचं लेबल इथल्या कागदावर असावं यासाठी मला दुसरं कारण नको.

पण हातकागद बाटलीवर नांदायला सोपा नाही. मशीनच्या कागदात तंतू एका दिशेला आडवे पडतात. हातकागदात ते सगळीकडं विखुरलेले असतात, कारण कारागीर चाळणी हलवतो. त्यामुळं तो ओला झाला की सगळीकडून फुगतो. लाल वाइनला त्याची काळजी नाही, ती थंड करत नाहीत. पांढरी बर्फाच्या बादलीत जाते. अर्ध्या तासात लेबल सुटून पाण्यावर तरंगायला लागलं तर त्या शेताचं नाव आधी सुटतं. म्हणून पांढरीच्या कागदाला आधी जिलेटिन आणि तुरटीचं पाणी पाजतो. छपाई वाळली की वरून मधमाशीच्या मेणाचा हलका हात. आणि डिंक केसिनचा, दुधातल्या प्रथिनाचा. तो बर्फाच्या पाण्यात लवकर सुटत नाही, म्हणून बाटल्यांच्या लेबलांना पूर्वीपासून वापरतात. लालसाठी साधी मैद्याची खळ पुरते. बाइंडिंगवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. म्हणजे द्राक्षाला वाचवतो तोच निळा खडा पुस्तकालाही वाचवतो. मी मात्र तो घालत नाही. मोरचूद विषारी आहे, आणि बाटलीला लागलेला हात पुढं ताटाकडं जातो. खळ थोडी थोडी, रोजच्या रोज शिजवायची.

याच कारणानं निळ्या शाईतही मोरचूद नाही. जस्ताचा पांढरा, त्यात थोडा निळा, आणि हिरवटपणासाठी पिवडीचा अगदी किंचित स्पर्श. हे मिश्रण जमलं, पण जवसाच्या तेलात ते महिन्याभरानं पिवळं पडून पोपटी दिसायला लागलं. जवसाचं तेल काळानं पिवळं होतं, काळ्या-लाल शाईत ते कळत नाही, फिकट निळ्यात लगेच कळतं. उपाय शिवारातच होता. करडईचं तेल फार कमी पिवळं पडतं. तैलरंगांतले पांढरे आणि फिकट रंग त्यात घोटतात. करडई तर मराठवाड्याच्या रब्बीची राणी, परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाण दिलेले. वाळायला ते जवसापेक्षा वेळ लावतं. लेबलं दोऱ्यांवर चिमटे लावून टांगून ठेवावी लागतात आणि खोलीत दिवसेंदिवस पंखा लावायचा नाही. पण निळा निळाच राहतो.

बाकी रंग जमिनीतले. बागेच्या कडेचा लाल मुरूम कुटून, पाण्यात निथळून, वस्त्रगाळ केला की त्यातून एक विटकरी उतरतो. तो गेरूपेक्षा खरबरीत, पण मला जास्त प्रिय. काळा काजळीचा. काळ्या मातीचा काळा करून पाहण्याची माझी फार इच्छा होती. ती माती ओली असताना इतकी काळी दिसते की तिच्यातून शाईच निघेल असं वाटतं. घोटून छापली की राखाडी-तपकिरी येते, ढेकूळ वाळल्यावर असतं तशी. मी ती तशीच ठेवली. लेबलाच्या खालच्या पट्ट्याला तीच माती आहे.

अक्षरांना मी सगळ्यात जास्त वेळ देते. लिनोवर सगळं उलटं कोरायचं. शिरोरेघ सरळ राहते, पण 'ळ'ची पोटं आणि 'क्ष'ची गाठ उलटी कोरताना हाताला नव्यानं शिकावं लागतं. मोठं नाव मी कोरते, बारीक मजकूर जालन्यातल्या एका जुन्या छापखान्यात ट्रेडल या जुन्या छपाईयंत्रावर होतो. ते काका एके काळी लग्नपत्रिका छापायचे. आता ऑफसेटच्या जमान्यात ट्रेडल कोपऱ्यात होतं. खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांचे, खण मात्र त्यांनी भंगारात दिले नव्हते. माझा लिनो लाकडी ठोकळ्यावर चिकटवून खिळ्याच्या उंचीला आणायचा, म्हणजे सुमारे २३ मिलिमीटर, मग तो खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत बसतो. काका एक-एक ताव हातानं लावतात. हातकागदाची जाडी जागोजागी बदलते म्हणून ते दाब कमी-जास्त करत राहतात. त्यांच्या तळहाताला कागद कळतो.

त्या बारीक मजकुरात कायद्यानं सांगितलेलं सगळं येतं. किती मिलिलिटर, अल्कोहोल किती टक्के, सल्फाइट आहे, कुठं केली, किंमत किती. आणि इशारा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनुसार, १ एप्रिल २०१९पासून, मद्याच्या बाटलीवर इशारा ठरलेल्या शब्दांत द्यावा लागतो: मद्यपान आरोग्याला घातक आहे, सुरक्षित राहा, पिऊन गाडी चालवू नका. अक्षराची उंची किमान ३ मिलिमीटर. बहुतेक लेबलांवर हा मजकूर मागं, कडेला, अंग चोरून उभा असतो. बरोबर तितक्याच उंचीचा आणि त्याहून एक केसही मोठा नाही.

बाटल्यांना लेबलं लावायला बागेत कामाला येणाऱ्याच बाया असतात. तोडणी संपली की त्यांचं काम संपतं, म्हणून वहिनींनी हे काम त्यांच्याकडं ठेवलं. पहिल्या वर्षी पडवीत बसून आम्ही सगळ्या खळ लावत होतो. एक मावशी लेबल हातात धरून म्हणाल्या, "ताई, हे खाली बारीक काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "इंग्रजीत कामून? आन् इतकं बारीक? मोठं काढा की. आमच्या घरी कोणी वाचलं असतं तर." त्यांच्या घरात काय झालं ते पडवीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. मलाही नंतर कळलं. ते इथं सांगायचं नाही.

मी हे काम करावं की करू नये, हा प्रश्न माझ्यापुढं आधीही होता. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात दारूनं बसलेलं एक तरी घर असतं. जानेवारी २०२२मध्ये सरकारनं सुपर मार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला तेव्हा इतका विरोध उसळला, त्यामागं ही घरं होती. वाइन म्हणजे दारू नव्हे, असं मी म्हणणार नाही. त्यात बारा-तेरा टक्के अल्कोहोल आहे. दादांची बाटली महाग आहे, ती गुत्त्यावर जात नाही, हेही खरं, पण मावशींच्या प्रश्नाचं ते उत्तर होत नाही. उत्तर म्हणून मला करता येण्यासारखं एकच होतं. पुढच्या वर्षीपासून इशारा मी स्वतः कोरते. नियमातलं इंग्रजी वाक्य आहे तसं ठेवून त्याखाली मराठी ओळ, नावाच्या अक्षरांना लावते तीच निगा लावून, पुढच्या बाजूला, काळ्या मातीच्या पट्ट्यावर. कोणी म्हणालं की यानं लेबल बिघडतं. माझ्या मते लेबलावरचं सगळ्यात चांगलं कोरलेलं अक्षर त्या ओळीत आहे. दादांनी विक्रीची काळजी बोलून दाखवली नाही. वहिनींनी ती ओळ बोटानं वाचली आणि म्हणाल्या, "असू द्या."

चित्र दर वर्षी बदलतं. एका वर्षी एप्रिलमधली खरड छाटणी झालेली बाग: नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, आणि तारा, आणि आभाळ, एकही पान नाही. बाहेरून येणाऱ्याला वाटतं बाग मेली. पण पुढच्या पिकाचे डोळे त्याच उन्हात काडीत धरतात. एका वर्षी शेततळ्यात अंथरलेला काळा-निळा प्लास्टिकचा कागद आणि त्यात तळाशी राहिलेलं पाणी. एका वर्षी केवड्याचं. त्यात तो निळा सगळ्यात मोकळा आला, पानं जवळजवळ दिसतच नाहीत इतके शिंतोडे.

गेल्या हंगामात तोडणीच्या तोंडावर गारा आल्या. मराठवाड्याला गारांची आठवण करून द्यावी लागत नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्यांनी बागा झोपलेल्या पाहिल्या त्यांना अजून ढगाचा रंग बदलला की पोटात गोळा येतो. दादांकडं या वेळी पांढरी वाचली, कारण ती आधी तोडून झाली होती. शिराझ सापडली. जे मणी फुटले ते टाकले, उरलं त्याची थोडीच वाइन झाली, आणि ती चांगली झाली. लेबल काय करायचं यावर आमचं पटेना. दादांचं म्हणणं, गारा दाखवल्या तर गिऱ्हाइकाला वाटंल फुटक्या मालाची केलीय. माझं म्हणणं, वर्ष गारांचं आहे, तर लेबलही गारांचंच हवं.

माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. आदल्या वर्षीचा ब्लॉक माझ्याकडं होता, भरघोस घडांचा, सगळ्यांना आवडलेला. लिनोत कोरलं की पांढरं उमटतं. त्याच ब्लॉकवर गारा पाडायच्या, म्हणजे गोल कोरणीनं खड्डे घ्यायचे. घडांवर, पानांवर, मिळेल तिथं. बागेचं झालं तेच ब्लॉकचं. आदल्या वर्षीचं लेबल मग पुन्हा कधी छापता येणार नाही, आणि ते मला पटत होतं. दादांना ब्लॉकची हळहळ वाटली, पण कल्पना त्यांना कळली. ते तयार झाले. उत्पादन शुल्क खात्याकडून लेबल मंजूर करून घ्यावं लागतं, त्यामुळं वेळही फार नव्हता.

मी ब्लॉक घेऊन बागेत गेले, कुठं किती खड्डे घ्यायचे ते पेन्सिलीनं खुणा करत बसले. वहिनी चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "सगळीकडं कामून पाडायलात? मावळतीकडनं आल्या होत्या गारा. उगवतीच्या चार ओळी वाचल्या. तिथलंच तर बाटलीत हाय."

मी उजवीकडच्या खुणा खोडल्या. चित्रात बागेची मावळती डावीकडं आहे, तर खड्डे डावीकडं दाट, मध्ये विरळ, आणि उजवीकडचे चार वेल आदल्या वर्षीचे जसेच्या तसे. आबांनी एक खड्डा वाढवून घेतला, कोपऱ्यातल्या अँगलवर, तिथल्या अँगलला गारांनी पोचा पडला होता म्हणून. त्यांच्या कात्रीला कोरणी लावायची नाही असं मी ठरवलं होतं, तिच्या पात्यावरून मात्र एक खड्डा गेला आहे. दादांनी अर्ज भरला. ट्रेडलवाल्या काकांना मी सांगून ठेवलंय की डाव्या बाजूला दाब थोडा जास्त द्या, खड्ड्यांच्या कडा कागदात रुतल्या पाहिजेत.